वाळूतलं तेल, पाण्याचा हिशेब

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात, अथाबास्का नदीच्या खोऱ्यातली वाळू डांबरासारख्या घट्ट, काळ्या बिटुमेनने माखलेली आहे. १९६७पासून ती मोठ्या प्रमाणावर खणून, गरम पाण्याने धुऊन तेल काढलं जातं. पण बहुतांश साठा उघड्या खाणीच्या आवाक्याबाहेर, खोलवर आहे. तिथे वाफ सोडून बिटुमेन पातळ करतात. बोअरमधून पाण्याचा जोरदार फवारा मारून वाळूच फोडायची आणि गाळासकट वर उपसायची, हा दुसरा मार्ग. त्यात वाफेचं इंधन वाचू शकतं. मात्र गढूळ पाणी आणि जमिनीखालच्या पोकळ्यांचा प्रश्न उरतो.

गरजेचं बहुतेक खनिज तेल आयात करणाऱ्या आपल्या देशाने तेलाची ही खरी किंमत ओळखायला हवी. म्हणूनच या अंकात आम्ही तंत्राइतकीच जागा नदीला आणि तिच्या काठच्या आदिवासींना दिली आहे. वाचा आणि आपलं मत आम्हाला जरूर कळवा.