यंत्रे शाबूत, कारखाना बंद

टाटा समूहाच्या मालकीच्या जग्वार लँड रोव्हर या मोटार कंपनीचे ब्रिटनमधील कारखाने सप्टेंबर २०२५मध्ये थंडावले, तेव्हा तेथे ना संप होता, ना आग लागली होती. यंत्रे शाबूत होती, कामगारही होते. मात्र संगणक प्रणालीवर हल्ला झाल्याचे लक्षात येताच कंपनीने आपली संपूर्ण यंत्रणा बंद केली आणि सोलिहल, हेलवूड व वुल्व्हरहॅम्प्टन येथील उत्पादन थांबले. ते टप्प्याटप्प्याने सुरू व्हायला ऑक्टोबर उजाडला. मधल्या काळात ब्रिटिश सरकारला दीड अब्ज पौंडांच्या कर्जासाठी हमी द्यावी लागली. या घटनेची झळ पाच हजारांहून अधिक संस्थांना बसली आणि एकूण नुकसान १.९ अब्ज पौंडांच्या घरात गेले, असा तेथील सायबर मॉनिटरिंग सेंटरचा अंदाज आहे.

येथे हल्ला संगणकांवर झाला आणि कारखाना बंद पडला. हल्लेखोर थेट यंत्रापर्यंत पोहोचला तर काय होते, हेही जगाने पाहिले आहे. भट्टीचे तापमान, झडपांची उघडझाप, मोटारीचा वेग हे सारे आज ‘पीएलसी’ नावाचे छोटे नियंत्रक ठरवतात. इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात २०१०मध्ये उघडकीस आलेल्या ‘स्टक्सनेट’ने अशाच नियंत्रकांचा ताबा घेतला. युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचा वेग बिघडत होता आणि पडद्यावर मात्र सारे आलबेल दिसत होते. सौदी अरेबियातील एका पेट्रोकेमिकल प्रकल्पात २०१७मध्ये तर धोक्याच्या वेळी प्रकल्प बंद करणाऱ्या सुरक्षा यंत्रणेलाच लक्ष्य करण्यात आले. येथे प्रश्न पैशांचा नव्हता, माणसांच्या जिवाचा होता.

कार्यालयातील संगणक चार-पाच वर्षांनी बदलला जातो. कारखान्यातील नियंत्रक वीस वर्षेही चालतो. तो घडवला गेला तेव्हा बाहेरच्या जगाशी त्याचा संबंध येईल, असे कोणाच्या मनातही नव्हते. आता उत्पादनाचा हिशेब तत्काळ मिळावा, दुरुस्ती दुरूनच व्हावी म्हणून त्याला महाजालाशी जोडले जाते. त्यातील त्रुटी दूर करायच्या तर उत्पादन थांबवावे लागते आणि ते थांबवण्याची कोणाची तयारी नसते. हल्लेखोराचे फावते ते नेमके येथे. अर्थात, दरवेळी हल्लेखोर दारात उभा असावाच लागतो असेही नाही. तैवानच्या टीएसएमसी या चिप कंपनीत ऑगस्ट २०१८मध्ये विषाणूची तपासणी न करताच एक नवे यंत्र जोडले गेले आणि संसर्ग अनेक यंत्रांत पसरला.

यावर उपाय नाही असे नाही. मार्च २०१९मध्ये नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर खंडणीखोरांनी हल्ला केला. कंपनीने खंडणी नाकारली. अनेक कारखाने कागद-पेन्सिल घेऊन हाताने चालवले गेले. जुनी पद्धत माहीत असलेले निवृत्त कर्मचारीही मदतीला आले. राखून ठेवलेल्या प्रतींवरून माहिती पुन्हा उभी करण्यात आली. नुकसान झाले, पण कंपनी वाकली नाही.

चाकण, वाळूज, अंबडच्या उद्योगांनी घ्यायचा धडा हाच आहे. भारतात सायबर हल्ल्याची माहिती सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवण्याचे बंधन २०२२पासून आहे, पण कळवणे म्हणजे सावरणे नव्हे. कार्यालय आणि यंत्रशाळा यांची जाळी वेगळी ठेवणे, दुरुस्तीसाठी येणाऱ्या ठेकेदाराच्या पेन ड्राइव्हवर नजर ठेवणे, नियंत्रकांच्या आज्ञावलीची प्रत सुरक्षित राखणे आणि वेळ आल्यास यंत्र हाताने चालवण्याचा सराव करणे, यांपैकी बहुतेक कामांना फारसा खर्च नाही. मोठ्या कंपनीला सरकारची हमी मिळू शकते. तिला सुटे भाग पुरवणारा लघुउद्योजक महिनाभर ऑर्डरविना तग धरू शकत नाही, आणि पहिली कुऱ्हाड कोसळते ती त्याच्याकडील कंत्राटी कामगारावर. म्हणूनच यंत्रांच्या सुरक्षेचा प्रश्न केवळ संगणक विभागावर सोपवून उद्योगांना मोकळे होता येणार नाही.