रोडा बेटावरचा खांब

प्रति,
नाईल खोरे उपक्रमाचे सचिवालय,
एन्टेबे, युगांडा

महोदय,

कैरोत रोडा बेटाच्या दक्षिण टोकाला एक खोल दगडी विहीर आहे. तिच्या मधोमध हाताच्या मापाच्या खुणा कोरलेला संगमरवरी अष्टकोनी खांब उभा आहे. इ.स. 861 मध्ये बांधलेल्या या मापकावर नाईलचा पूर मोजत. पाणी सोळा हात चढले की सारा वसूल करायला राज्यकर्ते मोकळे. त्याहून कमी राहिले तर दुष्काळाची चाहूल. रोजची वाढ दवंडी पिटून शहरभर सांगत. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल्-मुइझ्झने ही दवंडीच बंद करवली. सोळा हात पुरे होईपर्यंत आकडा बाहेर फुटता कामा नये, असा हुकूम निघाला. पाणी कमी चढतेय असे कळताच लोक धान्य दडवत आणि भाव भडकत, हे त्यामागचे कारण.

अल्-मुइझ्झला निदान खरा आकडा ठाऊक तरी असे. आज वरच्या देशाने किती पाणी अडवले, हे खालच्या देशाला उपग्रहाची छायाचित्रे पाहून ताडावे लागते.

जुलै 2020 मध्ये नेमके हेच घडले. सुदानच्या सीमेजवळ निळ्या नाईलवर इथिओपियाने बांधलेल्या रेनेसान्स धरणामागे पाणी साचू लागल्याचे उपग्रहांनी टिपले. इथिओपियाच्या जलमंत्र्यांच्या बोलण्यावरून धरण भरायला घेतल्याची बातमी पसरली. मग ती देणाऱ्या वाहिनीने दिलगिरी व्यक्त केली. इकडे सुदानच्या सिंचन खात्याला मोजणीत दिवसाला 9 कोटी घनमीटर पाणी कमी आलेले दिसत होते. खार्टूममध्ये नदीवरची काही पाणीपुरवठा केंद्रे बंद पडली. आठवडाभराने पंतप्रधान अबी अहमद यांनी जाहीर केले, की पहिल्या वर्षीची भरणी झाली. पाणी 4.9 अब्ज घनमीटर होते. एवढे पाणी अडवल्याने कोणी बुडणार नव्हते की तहानेने मरणार नव्हते. आधी एक साधे पत्रक निघाले असते, तर पंपचालकांनी आपली सोय पाहिली असती.

हे धरण किती मोठे, ते मराठी वाचकाला टीएमसीत सांगितलेले बरे. क्षमता 74 अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे 2,600 टीएमसी. पंचवीस कोयना! वीजक्षमता 5,150 मेगावॉट. इजिप्तच्या विरोधापायी परदेशी कर्जाची दारे बंद होती, म्हणून सरकारी नोकरांच्या पगारातून आणि जनतेला विकलेल्या रोख्यांतून पैसा उभा राहिला. एप्रिल 2011 मध्ये पायाभरणी झाली आणि 9 सप्टेंबर 2025 रोजी उद्घाटन. मधल्या साऱ्या वर्षांत बोलणी चालू होती आणि मोडतही होती.

इथिओपियाचा राग खोटा नाही. 1959 मध्ये इजिप्त आणि सुदान यांनी नाईलचे 84 अब्ज घनमीटर पाणी कागदावर वाटून घेतले. इजिप्तला 55.5, सुदानला 18.5 आणि उरलेले 10 अस्वानच्या जलाशयातून उडून जाणाऱ्या वाफेला. वाफेलासुद्धा वाटा मिळाला. ज्या डोंगराळ मुलखातून यातले सुमारे 85 टक्के पाणी येते, त्या इथिओपियाला शून्य. त्याला बैठकीला बोलावलेही नव्हते.

पण दहा कोटींहून अधिक माणसांच्या इजिप्तचे भयही नाटकी नाही. तिथे पाऊस नावालाच. नदी आटली तर दुसरे काही नाही. या भयाने माणसे काय काय बोलतात, ते 3 जून 2013 रोजी जगाने ऐकले. राष्ट्राध्यक्ष मुर्सी यांच्यासमोर बसलेले राजकारणी धरणात घातपात करण्याचे, बंडखोरांना हाताशी धरण्याचे बेत मांडत होते, आणि बैठक दूरचित्रवाणीवर थेट दिसतेय याचा त्यांना पत्ताच नव्हता. नाईलच्या राजकारणात पूर्ण पारदर्शक झालेली बैठक बहुधा तेवढी एकच.

मार्च 2015 मध्ये खार्टूमला तिन्ही देशांनी सह्या केलेल्या तत्त्वांच्या जाहीरनाम्यात वेळेवर माहिती देण्याचे कलम आहे. ते कागदावरच राहिले. रेनेसान्सच्या खाली शंभरएक किलोमीटरवर सुदानचे रोझेइरेस धरण आहे, क्षमतेने जेमतेम दहावा हिस्सा. वरून आज किती विसर्ग होणार हे कळले नाही, तर तिथल्या अभियंत्याने दरवाजे किती उचलायचे?

महोदय, आपली संस्था 22 फेब्रुवारी 1999 रोजी तात्पुरती सोय म्हणून स्थापन झाली. नाईल खोऱ्यातल्या सहकार्याचा नवा करार 13 ऑक्टोबर 2024 पासून सहा देशांपुरता लागू झाला आहे; त्यातून कायमचा आयोग यायचा आहे. इजिप्त आणि सुदान त्यात नाहीत. वाटपाचा तिढा आपल्या हातून सुटेल असे कोणी मानत नाही, आणि त्यासाठी हे पत्रही नाही. मागणी एका पानाची आहे. रेनेसान्स, रोझेइरेस, मेरोवे, अस्वान: प्रत्येक धरणाचा साठा, आवक आणि विसर्ग, रोज सकाळी, सर्वांना दिसेल असा. पावसाळ्यात कोयना-उजनीचे साठे चहाबरोबर पेपरात वाचणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही.

सरकारे आकडे देत नाहीत, असे आपण म्हणाल. मग घरापासून सुरुवात करावी. 2004 ते 2006 या काळात व्हिक्टोरिया सरोवराची पातळी घसरली, तेव्हा सगळा दोष अवर्षणावर गेला होता. जिंजाच्या वीजधरणांतून ठरल्यापेक्षा जास्त पाणी सोडले जात होते, हे बाहेरच्या जलतज्ज्ञाने हिशेब मांडल्यावर उघड झाले. जिंजा युगांडातच आहे, एन्टेबेसारखेच त्याच सरोवराच्या काठी. पहिला आकडा तिथला लावावा.

कळावे.