तालुका मिरज, जिल्हा सांगली

सांगली शहरात राहणाऱ्या माणसाला आपला पत्ता पूर्ण लिहायचा झाला, तर तो असा होतो : मु. पो. सांगली, तालुका मिरज, जिल्हा सांगली. जिल्ह्याला नाव सांगलीचं, पण सांगली ज्या तालुक्यात बसते त्याचं नाव मिरज. परगावच्या वाचकांना याची गंमत वाटेल. आमच्याकडे मात्र या एका ओळीवरून दोन्ही गावची माणसं चहाचे तीन कप संपेपर्यंत वाद घालू शकतात. मिरजकर म्हणतो, बघा, थोरली आम्हीच. सांगलीकर म्हणतो, असाल थोरले, पण कलेक्टर कुठे बसतो ते सांगा.

आम्ही राहायला मिरजेत आणि नोकरीला सांगलीत. मधलं अंतर आठ-दहा किलोमीटरचं. बसमध्ये, वडापमध्ये, शाळेच्या स्टाफरूममध्ये आणि सोयरिकीच्या बैठकीत हा वाद आम्ही इतक्या वेळा ऐकला आहे, की दोन्ही बाजूंची वकिली आम्हाला झोपेतही करता येईल. पण अलीकडे या वादाने एक वेगळं वळण घेतलं आहे आणि त्याचा फटका कुणाला बसतो ते कुणी बोलत नाही, म्हणून या महिन्यात हा विषय.

आधी थोडा इतिहास, कारण भांडणाचं मूळ तिथेच आहे. मिरज जुनी. बहामनी, आदिलशाही, मुघल, मराठे, सगळ्यांनी इथला किल्ला पाहिला. मीरासाहेबांच्या दर्ग्यामुळे दूरदूरची माणसं इथे येत राहिली. अठराव्या शतकात मिरज पटवर्धनांकडे आली. पुढे चिंतामणराव पटवर्धन आणि त्यांचे काका गंगाधरराव यांचं बिनसलं, वाटण्या झाल्या आणि १८०१च्या सुमारास चिंतामणरावांनी कृष्णेच्या काठच्या एका लहान गावात आपली राजधानी थाटली. ती सांगली. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, असं लोक सांगतात. खरं-खोटं कृष्णामाई जाणे. म्हणजे दोन शहरांमधली ही चुरस मुळात एका घरातल्या काका-पुतण्याची आहे, आणि घरातलं भांडण किती पिढ्या चालतं ते आपल्या वाचकांना सांगायला नको.

धाकटीने मग जोर धरला. चिंतामणरावांच्याच आश्रयाने १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं आणि सांगली नाट्यपंढरी झाली. हळदीची पेठ वाढली. हरिपूरच्या जमिनीतल्या पेवांत हळद साठवायची आणि सांगलीच्या बाजारात तिचा भाव ठरायचा. १९२९ साली आयर्विन पूल झाला आणि पलीकडची गावं पेठेला जोडली गेली. १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा झाला, त्याचं ठाणं सांगली. १९६० साली जिल्ह्यालाच सांगली हे नाव मिळालं. तिथे मिरजेच्या मनाला जी ठेच लागली ती अजून ठणकते.

मिरजेकडे काय नव्हतं? रेल्वेचं जंक्शन होतं. एके काळी ब्रॉडगेज, मीटरगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही रुंदीचे रूळ या एका स्टेशनात येत होते. १८९४ साली डॉ. वानलेस यांनी सुरू केलेलं मिशन हॉस्पिटल होतं. त्याच्या नावलौकिकामुळे कर्नाटकातून माणसं गाडीत बसून इलाजासाठी मिरजेला यायची, अजूनही येतात. १९६२ साली सरकारी मेडिकल कॉलेज आलं, तेही मिरजेला. सांगलीचं सिव्हिल हॉस्पिटल आजही त्याच मेडिकल कॉलेजला जोडलेलं आहे. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती मिरजेहून. त्या दिवसांत देशभरच्या बातम्यांत सांगलीचं नाव नव्हतं, मिरजेचं होतं. आमच्या शेजारच्या चाचांनी ती कात्रणं जपून ठेवली आहेत, आणि सांगलीचे जावई घरी आले की ती बाहेर निघतात.

९ फेब्रुवारी १९९८ रोजी सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. कागदावर भांडण संपलं. प्रत्यक्षात ते सभागृहात गेलं. मुख्य कार्यालय सांगलीत, म्हणून मिरजकरांची तक्रार : आमची घरपट्टी जाते तिकडे आणि रस्ते होतात तिकडेच. सांगलीकरांची तक्रार : मिरजेने अडवलं नसतं तर आम्ही केव्हाच पुढे गेलो असतो. कुपवाड बिचारं एमआयडीसीचा धूर सोसत दोघांकडे बघत बसतं, त्याला विचारतो कोण? सांगलीत बाग झाली की मिरजेत बागेची मागणी, मिरजेत चौक सुशोभित झाला की सांगलीत दोन चौक. कारंजी, कमानी, पुतळ्याभोवतीचे दिवे, स्वागताचे फलक. मोजायला सोप्या गोष्टी सगळ्या.

आणि हे मोजणं चालू असताना दोन्ही गावांचा जुना बाजार हळूहळू हातातून निसटतो आहे.

सांगलीची गणपती पेठ, कापड पेठ, मारुती रोड, हरभट रोड. मिरजेचं लक्ष्मी मार्केट आणि किल्ला भाग. आमच्या लहानपणी ईदच्या आधीचे दहा दिवस या रस्त्यांवरून चालता यायचं नाही. कापड सांगलीत घ्यायचं आणि शिवायला मिरजेत टाकायचं, असा कितीतरी घरांचा रिवाज होता. आज नवं दुकान उघडायचं असेल तर माणूस या पेठांकडे बघतही नाही. तो जातो मधल्या रस्त्यावर, विश्रामबागला किंवा शंभर फुटीला. १९१९ साली विलिंग्डन कॉलेज आणि १९४७ साली वालचंद कॉलेज जिथे सुरू झालं, तो दोन गावांच्या मधला भाग. तेव्हा तिथे मोकळं रान होतं. आता ब्रँडेड कपड्यांची दुकानं, बँका, खासगी क्लास, हॉटेलं तिथे आहेत. सांगली आणि मिरज एकमेकींकडे डोळे वटारून बघत होत्या आणि त्यांचं गिऱ्हाईक त्या दोघींच्या मध्ये जाऊन बसलं.

याला पुरानेही हातभार लावला. २००५ला कृष्णा पेठेत शिरली. हरिपूरच्या पेवांचं तेव्हा झालेलं नुकसान हळदीचे व्यापारी अजून सांगतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फुटांची. मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ पाण्याखाली. तळघरात माल ठेवलेल्यांचं तर काही उरलं नाही. त्या आठवड्यात मिरजेतल्या कितीतरी घरांत सांगलीचे पाहुणे होते. आमच्या गल्लीत देगा चढल्या आणि जेवायला बसणाऱ्याला तू कुठल्या गावचा, असं कुणी विचारलं नाही. २०२१ला पुन्हा पाणी आलं. ज्याच्याकडे ऐपत होती त्याने मग उंचावर, विश्रामबागच्या बाजूला जागा घेतली. त्याला दोष देता येत नाही. लेकराबाळांना घेऊन दर दोन वर्षांनी माडीवर कोण बसेल?

पण ज्याची ऐपत नव्हती तो कुठे आहे? तो पेठेतच आहे. पागडीच्या दुकानात, बापाच्या नावावरच्या भाड्याच्या गाळ्यात. रफूवाला, घड्याळवाला, बांगड्यांचं दुकान, चपला शिवणारा, अत्तर-सुरम्याचा लहानसा गाळा, मसाल्याची गिरणी. यात आपल्या समाजाची माणसं किती आहेत ते प्रत्येकाने आपल्या नात्यात मोजावं. मधल्या रस्त्यावरचं भाडं त्यांना झेपत नाही आणि पेठेत गिऱ्हाईक येत नाही. सोयरिकीच्या बैठकीत हल्ली हे सगळं एका वाक्यात दिसतं. पूर्वी मुलीच्या घरचे विचारायचे, मुलगा काय करतो, नमाजी आहे का. परवा एका घरी मुलीच्या खालाजानने पहिलाच सवाल टाकला, “विश्रामबागला फ्लॅट आहे का?” मुलाचं मिरजेच्या बाजारात तीस वर्षांचं चालतं दुकान आहे, हे सांगूनही त्यांचा चेहरा खुलला नाही. खालाजानचं फार चुकलं असंही आम्ही म्हणणार नाही. त्यांना बाजाराचा रंग आमच्या नगरसेवकांच्या आधी कळला आहे.

मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत हा पेच सगळ्यात स्पष्ट दिसतो. ही कला दीडशे वर्षांहून जुनी. फरीदसाहेबांचं नाव पहिलं घेतलं जातं. हत्यारं घडवणारे शिकलगार, त्यांच्या हातांनी सतार आणि तंबोरा धरला. पंढरपूरकडचा भोपळा, वर लाकडाची दांडी, खुंट्या, घोडी आणि शेवटी जवारी. जवारी काढणारा हात एका वर्षात तयार होत नाही. उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब याच गावात राहिले. १९३७ साली गेल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केलं गेलं. उरुसाच्या दिवसांत तिथे मोठमोठे गवैये येऊन गाऊन जातात ते काही मानधनासाठी नव्हे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. सांगलीच्या हळदीला ते २०१८ सालीच मिळालं होतं, तेव्हा ‘आम्हीही बरोबरी केली’ म्हणून मिरजेत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही.

या गल्लीतल्या एका कारागिराशी आमचं बोलणं होतं. त्याचा मुलगा आमच्या एका सहकाऱ्याचा विद्यार्थी. पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक गाडी लांब कुठेतरी लावून, तंबोरा दोघांनी धरून, गर्दीतून वाट काढत जातं. आम्ही म्हटलं, रस्ता रुंद व्हायला हवा. तो हसला. म्हणाला, “सर, रस्ता रुंद केला तर दुकान जातं, नाही केला तर गिऱ्हाईक जातं. तुम्ही शिकलेले आहात, तुम्हीच सांगा काय मागू?”

बाजाराच्या विकासाचा खरा प्रश्न हा आहे, आणि तो सांगलीच्या हळदवाल्याचा जितका तितकाच मिरजेच्या सतारमेकराचा. रुंदीकरण करताना मागे सरकणाऱ्या दुकानदाराला त्याच पेठेत गाळा मिळणार का? पागडीवाल्याची मोजणी कुणाच्या नावाने होणार? पुराच्या रेषेखालच्या गाळ्यांना माल ठेवायला वरच्या बाजूला सामाईक गोदाम देता येईल का? बाजारात दोन तास फिरणाऱ्या बाईला स्वच्छ मुतारी कुठे सापडते? (हा सवाल आमच्या घरातून आला आहे आणि तो वगळला तर रात्रीचं जेवण मिळणार नाही.) यातला एकही प्रश्न ‘सांगली की मिरज’ असा नाही. पण आमच्याकडे प्रत्येक प्रश्न त्याच साच्यात ओतला जातो आणि मग उत्तरादाखल एक कारंजं मिळतं.

वेगळं व्हावं, असंही काही मिरजकर बोलतात. त्यांचं बोट हुबळीच्या गाडीकडे असतं. हुबळी आणि धारवाडची महापालिका १९६२ साली एक झाली, आणि धारवाडकरांच्या दीर्घ मागणीनंतर २०२५च्या सुरुवातीला कर्नाटक सरकारने धारवाडला वेगळी महापालिका देण्याचा निर्णय घेतला. धारवाडकरांचं गाऱ्हाणं मिरजेसारखंच होतं : मोठा बाजार तिकडे, निधी तिकडे. आम्हाला त्यांच्या आनंदात सहभागी व्हायला हरकत नाही. पण मिरजेने तो मार्ग धरण्याआधी कृष्णेकडे एकदा बघावं.

सांगलीचा शेरीनाला कृष्णेत मिळतो. पेठेचं, वस्त्यांचं सांडपाणी घेऊन. ते धुळगावच्या शेतीकडे वळवण्याची योजना इतकी वर्षं गाजते आहे, की पोरं शाळेत आली, शिकली आणि नोकरीला लागली. नदी सांगलीहून हरिपूरला वळसा घालून पुढे मिरजेच्या कृष्णाघाटाला येते. मिरजेचं पिण्याचं पाणी तिथून उचललं जातं. दोन महापालिका झाल्या तर सांगलीच्या नाल्याबद्दल मिरजेने कुठल्या सभागृहात बोलायचं? आज निदान एकच सभागृह आहे. त्यात मिरजेचा सदस्य उठून हा प्रश्न विचारू शकतो.

ज्यांच्या घरी नगरसेवकांची ये-जा आहे, त्यांनी पुढच्या वेळी चहाबरोबर एवढंच विचारावं : यंदा शेरीनाल्यावर किती खर्च झाला, आणि चौकांच्या सुशोभीकरणावर किती? दोन्ही आकडे एकाच अंदाजपत्रकात असतात. आम्ही मिरजेच्या विभागीय कार्यालयात ते मागायला जाणार आहोत. तिथे ‘सांगलीला मुख्य कार्यालयात विचारा’ असं सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर तिकडे जाऊ. बस दोन्हीकडे जाते.