हिरवे पाणी आणि तळ्यातील पिसवा

भोकरदन तालुक्यात उन्हाळी मिरचीची मोठी भिस्त शेततळ्यावर असते. तळ्याचे पाणी हिरवे झाले, की ठिबकाची गाळणी तुंबते आणि त्रासलेला शेतकरी पाण्यात मोरचूद टाकतो. हा उपाय घाईचा असून पुष्कळदा अंगलट येतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पाणी हिरवे होते ते सूक्ष्म शेवाळामुळे. या शेवाळावर चरणारी गुरे तळ्यातच असतात. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन उजेडाकडे धरावे. मोहरीहून लहान ठिपके उड्या मारीत चालताना दिसतील. शास्त्रज्ञ त्यांस डॅफनिया, मोइना अशी नावे देतात. पिसवांसारखे दिसले, तरी हे जीव चावत नाहीत. पायांवरील केसांच्या झालरीने पाणी गाळून ते शेवाळ खातात, आणि अन्न मिळाल्यास थोड्याच दिवसांत त्यांची संख्या कितीतरी वाढते.

मोरचुदाने शेवाळ मरते, परंतु हे जीवही मरतात. मेलेले शेवाळ कुजून त्यातील खत पाण्यातच राहते. मग शेवाळ पुन्हा माजते, आणि खाणारा कोणी उरत नाही. कीटकनाशकाचा पंप तळ्यात धुतल्यानेही हीच हानी होते.

मासे सोडतानाही विचार हवा. कटला मासा हे जीव आवडीने खातो. मासे कमी करून पाणी निवळविण्याचा विचार अमेरिकेत जोसेफ शॅपिरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली मांडला; युरोपातील काही उथळ तळ्यांत तो यशस्वी झाला. आपल्या उष्ण हवेत लहान मासे जवळजवळ वर्षभर वाढतात, म्हणून तितका गुण येईलच असे नाही. तंतुमय शेवाळ हे जीव फारसे खात नाहीत, आणि काळ्या मातीचा गढूळपणाही त्यांच्याने जात नाही.

म्हणून मूळ कारणाकडे वळावे. खतमिश्रित पाण्याचा ओघ तळ्यात येऊ देऊ नये. पंप दूर धुवावा. ज्या तळ्याचे पाणी ठिबकासाठीच आहे, त्यात कटला दाट सोडू नये. डासांसाठी सोडलेले गप्पी मासे मात्र काढू नयेत. तेथे आरोग्य आधी.

बंधूंनो, मोरचुदाची पुडी उघडण्यापूर्वी एक पेला पाणी उजेडाकडे धरून पाहा. त्यात उड्या मारणारे ठिपके दिसले, तर ते आपले बिनपगारी राखणदार आहेत, हे ध्यानी ठेवा.