तंजावरचे ऊन, कायद्याची सावली

तमिळनाडू सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये आदेश काढून उष्णतेच्या लाटेला राज्यापुरती आपत्ती म्हणून मान्यता दिली. उष्माघाताने मृत्यू पावलेल्या व्यक्तीच्या कुटुंबास राज्य आपत्ती निवारण निधीतून चार लाख रुपयांचे साहाय्य देण्याची तरतूद त्यामुळे झाली. रुग्णांवरील उपचार आणि पिण्याच्या पाण्याची सोय यांसाठीही हा निधी खुला झाला. केरळने हेच पाऊल पाच वर्षे आधी, २०१९ मध्ये उचलले होते. आदेश उशिरा निघाला, तरी तो स्वागतार्ह आहे. परंतु कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील, म्हणजे तंजावर, तिरुवारूर, नागपट्टिनम या जिल्ह्यांतील शेतमजुराच्या बाजूने तो वाचला असता त्यातून जितके प्रश्न सुटतात त्याहून अधिक उभे राहतात. आणि हे प्रश्न एकट्या तमिळनाडूचे नाहीत.

सवयीचा युक्तिवाद

१९ जुलै २०२२ रोजी इंग्लंडमधील कोनिंग्जबी येथे ४०.३ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. ब्रिटनमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जाण्याची ती पहिलीच वेळ. रुळांच्या भीतीने आगगाड्या मंदावल्या, विमानतळाची धावपट्टी खराब झाली, आणि हा देश अशा उन्हासाठी बांधलेलाच नाही अशी कबुली तेथील जाणत्यांना द्यावी लागली. भारतात याच्या नेमका उलट युक्तिवाद ऐकू येतो. ऊन आपल्याला नवे नाही. वैशाख वणवा पेटायचाच. तमिळ पंचांगात मे महिन्यातील कडक उन्हाला ‘अग्निनक्षत्र’ असे नावच आहे. मग एवढा गहजब कशासाठी?

हा युक्तिवाद वस्तुस्थितीपुढे टिकत नाही. हवामान खात्याने १९०१ पासून ठेवलेल्या नोंदींत २०२४ हे देशातील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. मार्च २०२२ आणि फेब्रुवारी २०२५ हे महिनेही आपापल्या परीने तेव्हापासूनचे सर्वांत उष्ण ठरले. १९ मे २०१६ रोजी राजस्थानातील फलोदी येथे ५१ अंशांची नोंद झाली. पंचांगाने ज्या उन्हाला नाव दिले ते हे ऊन नव्हे.

शिवाय, ही सवय नेमकी कोणाची? सचिवालयातील वातानुकूलित दालनांची सवय आणि गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी करणाऱ्या स्त्रीची सवय एकच आहे काय? उन्हाची ‘सवय’ हा शब्द ज्यांना उन्हात उभे राहावे लागत नाही त्यांच्याच तोंडी अधिक असतो. ब्रिटन अज्ञानामुळे अप्रस्तुत राहिला. भारत जाणूनबुजून अप्रस्तुत आहे.

तापमापक जे सांगत नाही

मैदानी प्रदेशात किमान ४० अंश आणि किनारपट्टीवर किमान ३७ अंश तापमान असावे, शिवाय ते सरासरीहून किमान साडेचार अंशांनी वाढलेले असावे; हे ढोबळ निकष पूर्ण झाले की हवामान खाते उष्णतेची लाट जाहीर करते. विदर्भ-मराठवाड्यातील कोरड्या उन्हाला ही मोजपट्टी बऱ्यापैकी लागू पडते. तंजावरचे ऊन मात्र ओले आहे. माणसाचे शरीर घाम गाळून निवते, आणि घाम वाळला तरच निवते. हवा बाष्पाने भरलेली असली की घाम अंगावरून नुसता ओघळतो आणि आतली उष्णता आतच राहते. ३६-३७ अंशांचे दमट ऊन चाळीस अंशांच्या कोरड्या उन्हाइतकेच, कधी त्याहूनही अधिक, घातक ठरू शकते. पण निकषांत न बसल्यामुळे त्या दिवशी ‘लाट’ नसते.

त्यात भातशेतीचे वेळापत्रक पाहा. महाराष्ट्रात मृग बरसून हवा निवली की लावणीचे दिवस येतात. तंजावरात तसे नाही. तेथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. कुरुवै या पहिल्या हंगामाची लावणी मेट्टूर धरणातून कालव्यांना सुटणाऱ्या पाण्यावर होते. त्याचा परंपरेने ठरलेला दिवस १२ जून. म्हणजे डोक्यावर उन्हाळा कायम असतानाच कामाची घाई सुरू होते. खाचरातले पाणी तापते, त्यातून वाफ उठते, आणि वाकलेल्या बाईला वरून ऊन व खालून वाफ अशी दुहेरी झळ सोसावी लागते. आसपास शौचाची सोय नाही म्हणून ती पाणी कमी पिते. धरणातच पाणी नसले तर वेगळेच संकट. २०२४ मध्ये मेट्टूरचे दरवाजे २८ जुलैला उघडले. कुरुवैचा हंगाम हुकला की भातावर जगणारा मजूर वीटभट्टीवर, बांधकामावर किंवा तिरुप्पूरच्या कारखान्यांत जातो. ऊन तेथेही त्याची पाठ सोडत नाही.

या श्रमाची किंमत शरीर मोजते. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतील संशोधकांनी तमिळनाडूतील ८०० गर्भवती स्त्रियांची पाहणी करून २०२४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कामाच्या ठिकाणी अतिउष्णता सोसणाऱ्या स्त्रियांत गर्भपाताचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळला. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ च्या अहवालानुसार २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील. म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख लोकांचे पूर्णवेळ काम. भाताचेही तेच आहे. फुलोऱ्याच्या वेळी तापमान ३५ अंशांपलीकडे गेले की दाणा भरत नाही, लोंबी पोचट राहते. पोचट लोंबीचा पंचनामा होतो. वाया गेलेल्या मजुरीचा पंचनामा कोण करतो?

आपत्ती कोणाची?

येथे मूळ प्रश्नाला हात घालावा लागतो. केंद्र सरकारच्या आपत्ती निवारण निधीतून साहाय्य कोणत्या आपत्तींना मिळावे याची एक यादी आहे. चक्रीवादळ, दुष्काळ, भूकंप, आग, पूर, त्सुनामी, गारपीट, दरड, हिमस्खलन, ढगफुटी, कीड, दहिवर आणि थंडीची लाट ही नावे तीत आली. उष्णतेची लाट आली नाही. राज्यांनी ती यादीत घालण्याची मागणी केली, तेव्हा २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या पंधराव्या वित्त आयोगाला यादी वाढविण्यात विशेष तथ्य आढळले नाही. राज्यांना आपल्या निधीच्या दहा टक्क्यांपर्यंतची रक्कम स्थानिक आपत्तींसाठी वापरण्याची मुभा तेवढी राहिली. तमिळनाडूचा आदेश या फटीतून निघालेला आहे.

थंडीची लाट यादीत असावी आणि उष्णतेची नसावी, या विसंगतीचा उलगडा यादीकडे नीट पाहिले की होतो. तिच्यातील बहुतेक आपत्ती मालमत्ता नष्ट करतात: घरे, गुरे, उभी पिके, रस्ते, होड्या. ऊन भिंत पाडत नाही. ते मजुराच्या अंगातील ताकद, मूत्रपिंडे आणि आयुष्याची वर्षे नष्ट करते. ज्याची मालमत्ता म्हणजे त्याचे शरीरच, त्याच्या नुकसानीला हिशेबाच्या वहीत रकाना नाही.

त्रिभुज प्रदेशाचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. २००४ च्या त्सुनामीने नागपट्टिनमची किनारपट्टी उद्ध्वस्त केली. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी आलेल्या गज चक्रीवादळाने तंजावर जिल्ह्यातील ओरत्तनाडू, पट्टुक्कोट्टै, पेरावूरणी या भागांतील माड मुळासकट उपटले. वादळासाठी आज इशारा देणारी यंत्रणा आहे, निवारे आहेत, पंचनाम्याची पद्धत आहे. ती अपुरी असेल, पण आहे. त्याच वादळाने नेलेल्या माडांची सावली मात्र कोणत्याही पंचनाम्यात लिहिली गेली नाही.

मृत्यूंच्या मोजणीची कथाही तीच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाने २०२२ मध्ये देशात उष्माघाताचे ७३० बळी नोंदविले. आरोग्य यंत्रणेकडील त्याच वर्षीचा आकडा दोन अंकांतच राहिला. शेताच्या बांधावर कोसळलेल्या मजुराच्या दाखल्यावर ‘हृदयक्रिया बंद पडून’ असे लिहिणे सर्वांनाच सोयीचे असते. अहमदाबादेत मे २०१० च्या लाटेनंतर संशोधकांनी एकूण मृत्यूंची तुलना आधीच्या वर्षांशी केली, तेव्हा त्या एका महिन्यात १,३४४ अधिक मृत्यू झाल्याचे उघड झाले. त्या शहराने २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला तो या मोजणीमुळे. तंजावरच्या खेड्यांत अशी मोजणी होत नाही तोवर चार लाखांचे साहाय्य बहुतेकांसाठी कागदावरच राहणार.

पाणपोई आणि हक्क

तंजावर आणि मराठी भाषा यांचा संबंध मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे, आणि सरस्वती महालात मोडी कागदांची दप्तरे आहेत. याच राजांनी रामेश्वरच्या वाटेवर छत्रे बांधली; त्यांत वाटसरूला अन्न, पाणी आणि आसरा मिळे. आजही उन्हाळा आला की तमिळनाडूच्या चौकाचौकांत ‘तण्णीर पंदल’ म्हणजे पाणपोया उभ्या राहतात. पाणी आणि ताक वाटले जाते, आणि बहुधा पाण्यापेक्षा पुढाऱ्याचे चित्र मोठे असते. तहानलेल्याला पाणी देणे हे चांगलेच काम आहे. परंतु पाणपोई रस्त्यावर असते, खाचराच्या बांधावर नसते. आणि दान देणाऱ्याची इच्छा संपली की दान संपते.

समारंभ आणि सावली यांचे नाते महाराष्ट्रानेही पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे राज्य सरकारच्या पुरस्कार सोहळ्यात लाखो माणसे भर उन्हात बसविली गेली. व्यासपीठावर छप्पर होते, मैदानावर नव्हते. चौदा माणसे मृत्युमुखी पडली.

कायद्याची सावलीही अशीच व्यासपीठापुरती राहिली. १९४८ च्या कारखाने कायद्याने कलम १३ मध्ये कारखान्यातील तापमानाचा विचार केला. शेत हा कारखाना नव्हे, म्हणून शेतमजूर त्याच्या कक्षेत कधी आलाच नाही. करता येण्याजोगे काहीच नाही असे मात्र नव्हे. केरळचे श्रम खाते गेली कित्येक वर्षे उन्हाळ्यात उघड्यावर काम करणाऱ्यांसाठी कामाच्या वेळा बदलून दुपारी बारा ते तीन विश्रांती सक्तीची करते. कतारसारख्या अमिराच्या राज्यातही, परदेशी मजुरांच्या मृत्यूंवरून जगभर टीका झाल्यावर, २०२१ मध्ये नियम झाला: उष्णता, दमटपणा, ऊन व वारा यांचा एकत्रित निर्देशांक ३२.१ अंशांपलीकडे गेला की उघड्यावरचे काम थांबले पाहिजे. तंजावरचा जो तरुण आखातात जातो, त्याला तेथे कागदावर का होईना जे संरक्षण आहे, ते स्वतःच्या गावच्या शेतात नाही.

तरीही विश्रांतीचा नियम एकटा पुरत नाही. अंगावर काम घेणाऱ्या मजुरासाठी थांबलेला तास म्हणजे बुडालेली मजुरी. ‘उन्हात काम करू नका’ हा सल्ला रोजंदारीवर जगणाऱ्याला ‘आज जेवू नका’ असा ऐकू येतो. म्हणून उन्हाचा प्रश्न अखेर मजुरीचाच प्रश्न आहे, आणि तंजावरला तो नवा नाही. १९४० च्या दशकात बी. श्रीनिवास राव यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने येथील पण्णैयाळांना, म्हणजे मिरासदारांच्या वंशपरंपरागत सालगड्यांना, संघटित केले. चाबकाचे फटके आणि शेणाचे पाणी पाजण्याची शिक्षा बंद पाडली. २५ डिसेंबर १९६८ च्या रात्री, त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावी, वाढीव मजुरी मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसे, बहुतेक स्त्रिया आणि मुले, एका झोपडीत जिवंत जाळण्यात आली. जमीनदार आरोपी उच्च न्यायालयातून निर्दोष सुटले. या मातीत मजुराला मिळालेला कोणताही हक्क आदेशाच्या कृपेने मिळालेला नाही.

भाताखालचा वायू

एक गोष्ट आणखी. जमिनीतून उपसलेले तेल, वायू आणि कोळसा जाळल्यामुळे पृथ्वी तापते, हे आता शाळकरी मुलासही ठाऊक आहे. याच त्रिभुज प्रदेशातील भातखाचरांखाली तेल आणि वायू आहे. जून २०१७ मध्ये तंजावर जिल्ह्यातील कदिरामंगलम येथे तेलवाहिनी फुटली, शेतात तेल पसरले आणि गाव रस्त्यावर उतरले. अशा आंदोलनांच्या दबावाखाली २०२० मध्ये त्रिभुज प्रदेशाला संरक्षित कृषिक्षेत्राचा दर्जा देणारा कायदा झाला. नव्या प्रकल्पांना त्याने अटकाव केला. आधीपासून चालू असलेल्या विहिरी चालूच राहिल्या. ज्याच्या घरात एक पंखा आणि दोन दिवे, त्याच्याच शेताखालचे इंधन काढायचे, ते दुसऱ्यांनी जाळायचे, आणि त्याची झळ पुन्हा त्याच्याच पाठीवर पडायची, असा हा व्यवहार आहे.

तात्पर्य, काय मागायचे ते स्पष्ट आहे. उष्णतेची लाट राष्ट्रीय यादीतील आपत्ती मानून तिच्यासाठी वेगळा निधी असावा. लाटेचा निकष ठरविताना दमटपणाही मोजला जावा. ठरलेल्या मर्यादेपुढे काम थांबविण्याचा हक्क शेतमजूर, वीटभट्टी कामगार आणि मिठागर कामगार यांना कायद्याने मिळावा, आणि थांबलेल्या वेळेची मजुरी पूर्ण मिळावी. कामाच्या जागी पाणी, सावली आणि स्त्रियांसाठी शौचालय ही मालकाची व सरकारची जबाबदारी ठरावी. प्रत्येक तालुक्यात उन्हाळ्यातील एकूण मृत्यूंची मोजणी व्हावी. यांपैकी एकही मागणी खजिना रिकामा करणारी नाही. त्या मान्य केल्या तर शेतमजुराचे शरीर ही हिशेबात धरण्याजोगी गोष्ट आहे हे मान्य करावे लागते. अडते ते येथेच. शेतमजूर संघटनांनी मजुरीच्या मागणीपत्रात यापुढे उन्हाचे कलम घालावे. पुढच्या लावणीला पाणी कधी सुटेल ते मेट्टूर ठरवील; ऊन मात्र वेळेवर येणार आहे.