ठिपके गेले म्हणजे रोग गेला?

हॉस्टेलवर ताप आला की आपण एक क्रोसिन घेतो आणि ताप उतरला की विसरून जातो. माणसाचं त्यावर भागतं. खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या माशाचं भागत नाही, तरी बहुतेक जण त्याच्यावर हाच प्रयोग करतात.

ठाण्याला माझ्या काकांकडे दोनशे लिटरची समुद्री टाकी आहे. सुट्टीत तिची देखभाल माझ्याकडे असते. मी काही मत्स्यतज्ज्ञ नाही, साधा मेकॅनिकलचा विद्यार्थी. पण माझं ठाम मत झालंय की या माशांच्या बाबतीत आपण नेमकं उलटं वागतो. थांबायला हवं तिथे औषध ओततो आणि चालू ठेवायला हवं तिथे थांबतो.

आधी जखमांचं बघू. डॅमसेल मासे भांडकुदळ. सर्जनफिशच्या शेपटीजवळ तर वस्तऱ्यासारखा काटाच असतो. त्यामुळे पर फाटणं, खवला निघणं हे चालायचंच. अशी जखम दिसली की दुकानदार लगेच बाटली पुढे करतो. आता विचार करा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार, माशाच्या रक्तात त्याच्या साधारण एक तृतीयांश. म्हणजे ऑस्मॉसिसने त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर जातं आणि तो समुद्र पिऊन ते भरून काढतो. कातडी फाटली की ही गळती वाढते. अशा वेळी त्याला हवं असतं स्वच्छ, स्थिर पाणी. अँटिबायोटिक सरळ टाकीत ओतलं तर फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणूच मरू शकतात. त्यात पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि पीएच वाढला की अमोनिया जास्त विषारी होतो. रोगापेक्षा उपाय भयंकर, दुसरं काय!

तेव्हा आधी अमोनिया, क्षारता, तापमान मोजा. थोडं पाणी बदला, भांडखोराला वेगळा करा. मासा खातोय, श्वास संथ आहे, तर पर आपोआप भरून येतो. एकाच डोळ्यावर पडदा आला तर बहुधा मार लागलेला असतो. दोन्ही डोळे गढूळ झाले तर पाण्यावर संशय घ्या. जखमेची कड लाल झाली किंवा खाणं सुटलं, तरच वेगळ्या टाकीत उपचार.

आता दुसरी बाजू. अंगावर मीठ शिंपडल्यासारखे पांढरे ठिपके दिसले तर तो बहुधा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी. तीन ते सात दिवस कातडीत राहून तो आपणहून गळून पडतो, वाळूत-खडकावर कोष करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. मधल्या काळात मासा ठणठणीत दिसतो! काकांच्या शेजाऱ्यांना एका दुकानदाराने सांगितलं, "ठिपके गेले ना? मग औषध बंद." दोन आठवड्यांत त्यांचा ब्लू टँग गेला.

तांब्याचं औषध फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना मारतं, कातडीतल्या आणि कोषातल्या परजीवीला नाही. म्हणून ते लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम या पातळीवर, रोज मोजून, निदान तीन आठवडे चालू ठेवावं लागतं. तेही वेगळ्या साध्या टबात, हवेचा पंप लावून. मुख्य टाकीत तांबं टाकलं तर कोळंबी आणि प्रवाळ मरतात, शिवाय खडक ते शोषून मात्रा बिघडवतो. ती टाकी निदान सहा आठवडे माशांविना ठेवायची, म्हणजे परजीवी उपाशी मरतो.

मित्र म्हणतात, "अरे, एका माशासाठी एवढा खटाटोप?" हो, एवढाच! गोल्डफिशची पैदास होते. समुद्री मासे मात्र बहुतेक करून प्रवाळातून पकडून आणलेले असतात. त्याला काचेत आपण आणलं, मग त्याचं पाणी सांभाळणं आपल्याकडेच आलं ना? आणि मित्रहो, आपण उद्याचे इंजिनिअर. मशीनचा खडखडाट थांबला म्हणजे बिघाड गेला, असं व्हायवात सांगून बघा, सर काय म्हणतात ते!

एवढं जमणार नसेल, तर खोलीत माशाचं छानसं पोस्टर लावा. त्याला ठिपके येत नाहीत.