भीतीची हौस

अंबडच्या मत्स्योदरी देवीच्या टेकडीकडे नवरात्रात माणसांची रीघ लागते. वडीलधारी मंडळी दर्शनाच्या ओढीने पायऱ्या चढत असतात. परंतु त्यांचे बोट धरून चालणाऱ्या मुलांचे डोळे मात्र वारंवार मागे वळतात. खाली यात्रेत राहाटपाळणा उभा असतो, आणि दर्शन लवकर आटोपावे, अशी त्या बालभक्तांची मनोमन प्रार्थना चाललेली असते. पाळणा वर जातो तेव्हा मुलगा हसत असतो. शिखर ओलांडून तो खाली येऊ लागला, की मुलाच्या पोटात गोळा उठतो, डोळे मिटतात आणि दांडीभोवतीची मूठ आवळली जाते. उतरतो तेव्हा चेहरा पांढराफटक पडलेला असतो. आणि त्याच चेहऱ्याने तो वडिलांजवळ आणखी एका फेरीचे पैसे मागतो!

पैसे देऊन भीती विकत घेण्यात कोणता शहाणपणा आहे, असा प्रश्न पुष्कळ वडील विचारतात. वरवर पाहता तो बिनतोड वाटतो. परंतु ज्याने लहानपणी सूरपारंबी खेळताना उंच फांदीवरून उडी टाकली, पाठीला भोपळा बांधून विहिरीत सूर मारला, त्याने तरी तो विचारू नये हेच बरे. भीतीशी खेळण्याची हौस माणसात उपजतच असते. तिच्यामुळे अंगातील बळ आणि मनातील धीर यांची ओळख पटते, आणि ही ओळख पुस्तकातून होत नाही. मात्र या खेळाला एक अट असते. मुलगा विहिरीत उडी टाकतो, तेव्हा काठावर पोहणारा काका उभा असतो. खेळातील भीती खोटी असते. पण ती खोटी ठरावी म्हणून कोणीतरी खरीखुरी काळजी वाहिलेली असते. रोलर कोस्टर या यंत्राची कथा वेगाची आणि उंचीची कथा म्हणून सांगण्यात येते. वस्तुतः ती काठावरच्या त्या काकाची कथा आहे.

या खेळाचा जन्म बर्फात झाला. अठराव्या शतकात रशियातील लोक हिवाळ्यात सत्तर-ऐंशी फूट उंचीचे लाकडी उतार बांधीत, त्यांवर पाणी ओतून ते गोठवीत आणि घसरगाडीत बसून खाली येत. ही हौस पुढे फ्रान्समध्ये गेली. तेथे इतके बर्फ कोठून आणावयाचे? म्हणून १८१७ मध्ये पॅरिस येथे गाड्यांना चाके लावण्यात आली आणि चाकांसाठी मार्ग आखून देण्यात आले. फ्रेंच भाषेत या खेळाला आजही ‘रशियन डोंगर’ म्हणतात. गंमत अशी, की रशियन भाषेत त्याचे नाव ‘अमेरिकन टेकड्या’ असे आहे! भीतीचे पितृत्व स्वतःकडे घेण्यास कोणीच राजी नसावे.

अमेरिकेत मात्र या खेळाला कोळशाच्या खाणीने वाट दाखविली. पेनसिल्व्हेनिया प्रांतात १८२७ मध्ये डोंगरावरील कोळसा खाली आणण्यासाठी एक रूळमार्ग बांधण्यात आला. भरलेल्या वाघिणी केवळ उताराच्या जोरावर खाली धावत. रिकाम्या वाघिणी पुन्हा वर ओढून नेण्यासाठी खेचरे लागत; म्हणून तीही त्याच गाडीतून, आपल्या स्वतंत्र डब्यात बसून, खाली येत. पुढे १८७२ नंतर कोळसा दुसऱ्या वाटेने जाऊ लागला आणि त्या रुळांवर हौशी प्रवाशांची गर्दी होऊ लागली. लामार्कस टॉम्प्सन या गृहस्थाने ही कल्पना उचलली आणि १८८४ मध्ये न्यूयॉर्कजवळील कोनी आयलंड येथे केवळ करमणुकीसाठी असा मार्ग उभारला. गाडीचा वेग ताशी सहा मैल, म्हणजे सुमारे दहा किलोमीटर; तिकीट पाच सेंट. आज जालन्याच्या रस्त्यावरून सायकलवर जाणारा मुलगाही त्या गाडीला सहज मागे टाकील. तरीही त्या काळी लोक तेथे रांगा लावीत.

एकदा गर्दी जमू लागल्यावर स्पर्धा आली, आणि स्पर्धेबरोबर अविचारही आला. १८९५ मध्ये कोनी आयलंड येथेच प्रवाशांना डोके खाली, पाय वर असे फिरविणारे एक वळण बांधण्यात आले. ते अगदी वाटोळे होते. गाडी वेगाने त्या वर्तुळात शिरताच प्रवाशाचे शरीर आसनावर एकाएकी इतक्या जोराने दाबले जाई, की मानेला हिसका बसून ती दुखावे. ते वळण काही वर्षांतच बंद पडले. पाहणाऱ्यांची गर्दी पुष्कळ, बसणारे थोडे. लोक वाटतात तितके भोळे नसतात.

काठावर खऱ्या अर्थाने काका येऊन उभा राहिला, तो १९१९ मध्ये. जॉन मिलर या अमेरिकन कारागिराने त्या वर्षी एका साध्या दिसणाऱ्या युक्तीचे एकस्व मिळविले. आगगाडीचे चाक रुळावर टेकलेले असते, एवढेच. गाडी उंचवट्यावरून वेगाने गेली तर ती रूळ सोडून उडू शकते. मिलरने रुळाच्या खालच्या बाजूलाही चाके बसविली. वर चाक, खाली चाक आणि मधे रूळ, अशी पकड बसल्यामुळे गाडीला रूळ सोडताच येईना. यानंतर डोंगर उंच झाले आणि उतार तीव्र झाले. कोनी आयलंड येथील १९२७ सालचा ‘सायक्लोन’ हा लाकडी रोलर कोस्टर ८५ फूट उंच असून तो अजूनही चालू आहे. मिलरच्या त्या खालच्या चाकांवाचून अशी उंची केवळ आत्मघात ठरली असती.

रोलर कोस्टरची गाडी पहिल्या चढावर साखळीने ओढली जाते आणि शिखरावर सोडून दिली जाते. त्यानंतर तिला इंजिन नसते. उंचीने दिलेले बळ ती वेगात खर्च करते, आणि घर्षणाने त्यातील काही सतत नाहीसे होत असते. म्हणूनच पहिला डोंगर सर्वांत उंच ठेवावा लागतो. चढताना ‘टक्-टक्-टक्’ असा आवाज येतो. त्या आवाजाने बसणाऱ्याची छाती धडधडू लागते. पण तो आवाज कशाचा असतो? गाडीखालची खिटी मार्गावरील एकेका दात्यात पडत असते. साखळी तुटली, तरी गाडीला मागे घसरू न देणारी ही खिटी होय. प्रवाशाला सर्वांत भिववणारा ध्वनी हाच त्याच्या रक्षणाचा ध्वनी असतो, याइतकी मौजेची गोष्ट त्या साऱ्या यंत्रात दुसरी नाही.

१९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड येथे पोलादी नळ्यांचा रूळ प्रथम वापरण्यात आला. लाकूड हवे तसे वाकत नाही; पोलाद तापवून दाबले की वाकते. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये लालबुंद सळई सापासारखी सरपटताना ज्याने पाहिली आहे, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. पोलादी रुळामुळे १८९५ ची चूकही दुरुस्त करता आली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातच पुन्हा उभे वळण बांधण्यात आले, पण या वेळी ते वाटोळे नव्हते. जर्मन अभियंता वर्नर श्टेंगेल याने त्याला पाण्याच्या थेंबाचा आकार दिला: खाली पसरट, वर निमुळता. त्यामुळे शरीरावरील दाब हळूहळू वाढतो आणि मान सुखरूप राहते. एका भूमितीच्या आकृतीने जे साधले, ते धाडसाच्या हजार गोष्टींनी साधले नसते.

पुढे उंचीचे विक्रम झाले. न्यू जर्सीतील ‘किंगडा का’ २००५ मध्ये १३९ मीटर उंच बांधला गेला आणि २०२५ मध्ये पाडूनही टाकण्यात आला. विक्रमांचे आयुष्य इतकेच. भारतात दिल्लीचे ‘अप्पू घर’ १९८४ मध्ये, मुंबईजवळ गोराई येथील ‘एस्सेलवर्ल्ड’ १९८९ मध्ये आणि खोपोलीजवळील ‘इमॅजिका’ २०१३ मध्ये उघडले. इमॅजिकातील ‘नायट्रो’ सुमारे ४० मीटर उंच आहे. त्याच्या गाडीला तळ नाही. प्रवाशांचे पाय अधांतरी लोंबकळत असतात.

जालना जिल्ह्यातून खोपोली साडेतीनशे किलोमीटरांहून दूर आहे. काही शाळांच्या सहली अशा ठिकाणी जातातही. परंतु घनसावंगीच्या किंवा भोकरदनच्या खेड्यातील शेतमजुराचा मुलगा त्या सहलीत सहसा नसतो. बसचे भाडे आणि उद्यानाचे तिकीट यांची बेरीज त्याच्या घरी परवडत नाही. त्याचा रोलर कोस्टर म्हणजे राजूरच्या गणपतीच्या यात्रेत किंवा अंबडच्या नवरात्रात येणारा राहाटपाळणा, आणि अलीकडे त्याच्या शेजारी वेडीवाकडी धावणारी, ड्रॅगनच्या तोंडाची छोटी गाडी. येथेच खरा प्रश्न उपस्थित होतो. खोपोलीच्या मुलासाठी जो काका काठावर उभा आहे, तो अंबडच्या मुलासाठीही उभा असावयास नको काय?

उद्यानातील यंत्र एकाच जागी पक्क्या पायावर उभे असते. यात्रेतील पाळणा मात्र मालमोटारीतून गावोगाव फिरतो. दर आठ-पंधरा दिवसांनी मोडला जातो आणि पुन्हा जोडला जातो. जितक्या वेळा जोडणी, तितक्या वेळा एखादा नट ढिला राहण्याचा संभव. काळ्या मातीत एका पावसाने पायाखालची जमीन खचते. शिवाय चालविणारा माणूस रात्री उशिरापर्यंत उभा राहून थकलेला असतो. म्हणजे ज्या यंत्राला अधिक तपासणीची गरज, त्याच्याच वाट्याला ती कमी येण्याचा धोका असतो. हा न्याय उलटा आहे.

दुर्लक्षाला मोठे शहरही क्षमा करीत नाही. लंडनमधील बॅटरसी येथे ३० मे १९७२ रोजी चढावरील गाडीचा दोर सुटला, मागे घसरणे थांबविणारी योजना निकामी ठरली, आणि पाच मुले दगावली. अहमदाबादच्या कांकरिया येथे जुलै २०१९ मध्ये झोका घेणारे एक यंत्र मोडून पडले. दोघांचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. हे काही ओसाड माळावर घडले नव्हते.

कोणी म्हणेल, मग यात्रेतील पाळणे बंदच करावेत. हा उपाय सोपा आहे, आणि म्हणूनच तो संशयास्पद आहे. तसे केल्यास श्रीमंताच्या मुलाला खेळ राहील आणि गरिबाच्या मुलाला उपदेश. पाळणे राहिले पाहिजेत; परंतु पहिली फेरी सुटण्यापूर्वी जाणत्या अभियंत्याने प्रत्येक जोड पाहावा, रिकाम्या पाळण्याची फेरी घ्यावी, आणि तपासणीची तारीख लिहिलेला फलक तिकिटाच्या खिडकीवर लावावा. यात्रा भरविणाऱ्या ग्रामपंचायतीला किंवा नगरपरिषदेला जागेचे भाडे घेता येते, तर ही चौकशीही करता आली पाहिजे.

थोडा दोष पालकांकडेही जातो. पाळण्याच्या दाराशी उंचीची खूण असते. तिच्याखाली मुलाला टाचा उंचावून उभे करणारे, प्रसंगी चालकाशी हुज्जत घालणारे वडील प्रत्येक यात्रेत दिसतात. ती खूण तिकिटासाठी नसते. आडवी दांडी ज्याच्या मांडीवर नीट बसत नाही, तो मुलगा तिच्याखालून निसटू शकतो, एवढाच तिचा अर्थ असतो. आपला मुलगा भित्रा ठरू नये म्हणून धडपडणाऱ्या या वडिलांनी दोन वर्षे थांबावे. उंची आपोआप वाढते.

नवरात्रातील एखाद्या दिवशी अंबडच्या यात्रेत पहाटेच जावे. दुकानांवर कनाती ओढलेल्या असतात, भोंगे मुके असतात. अशा वेळी पाळण्याच्या सांगाड्यावर, पार वरच्या टोकाशी, एखादा माणूस कमरेला दोर बांधून चढलेला असतो. त्याच्या हातात एक पाना असतो. तो एकेका जोडाशी थांबतो, पाना लावतो, जोर देऊन पाहतो आणि पुढे सरकतो. खाली त्याला पाहावयास कोणी थांबलेले नसते.